मोरी राहिली

यादिएलनं बाकावर ठेवला तेव्हा
आरशासारखा चमकत होता मॅनिफोल्ड.
स्टेनलेसचा, टाक्यांवर निळी-जांभळी झाक,
आठ महिन्यांचा ओव्हरटाइम.
मी कौतुक करायच्या आधी आत बोट घातलं.

टाका आतून दाणेदार लागला.
(आर्गॉन न फिरवता जोडलं की पोलाद असं फुलतं.
बाबा म्हणायचे, ह्याला साखर लागली.)
आणि वेस्टगेटची नळी
काटकोनात चिकटवलेली, शेवटी शेवटी,
घर बांधून झाल्यावर कुणाला तरी आठवावं तशी,
अरे, मोरी राहिली.

"दोन्या इराइदा, भोक मोठं आहे की!"
भोक आहे रे. वाट कुठाय?
पळत सुटलेला माणूस बाजूच्या दाराकडे बघतो का?

ह्या इंजिनाला झडपा नाहीत.
तिकोनी पोट गरगर फिरतं
आणि पोर्ट उघडलं रे उघडलं
की आतलं सगळं ओकून टाकतं, लालबुंद.
दोन रोटर, दोघांचे श्वास वेगळे,
एकाचा दुसऱ्याच्या तोंडावर आला की दोघं घुसमटतात.
म्हणून नळ्या टर्बोच्या उंबऱ्यापर्यंत वेगळ्या न्यायच्या,
आणि उंबऱ्याच्या अलीकडे, वळणाच्या ओघातच,
दोघींना आपापलं वेस्टगेट.

"किती बूस्ट?"
"पंधरा," म्हणाला.
डोळ्यांत बावीस होते.

मग मी एफ्राइनचं सांगितलं.
माझा भाऊ. नारिंगी माझदा, पंधराची स्प्रिंग,
आणि असलीच काटकोनातली नळी.
काटा चौदा, सतरा, एकवीस,
पाय काही उचलला नाही त्यानं.
स्प्रिंग सांगते कधी उघडायचं,
किती जाईल ते तिच्या हातात नसतं.
एपेक्स सीलचा नखाएवढा तुकडा
मला टर्बोच्या पात्यांत मिळाला.
एफ्राइन हल्ली ऑर्लँडोत एसी विकतो.

दक्षिणेकडचा साखर कारखाना बंद झाला
त्या दिवशी बाबांनी थकलेल्या पगाराऐवजी
पोतंभर एल्बो घरी आणले, वाफेच्या पाइपचे,
काळे, जाड, वजनाला बाळंतिणीच्या ट्रंकेएवढे.
आई महिनाभर बोलली नाही.
त्यातले शेवटचे सहा मी यादिएलपुढे मांडले.
"हे?" त्याचं तोंड उतरलं.
हे. तडकत नाहीत हे.

बायामोनमध्ये संध्याकाळी वीज गेली,
जायचीच. जनरेटरवर टाके घातले,
बाहेर कोकी बेडूक ओरडत होते,
पोरगा टॉर्च धरून उभा, हात अवघडलेला,
पण हलवला नाही, हे मी मनात लिहून ठेवलं.
टर्बोला खालून टेकू दिला, थेट ब्लॉकला बांधून.
नळ्यांनी धूर न्यावा, ओझं नेऊ नये.

शनिवारी सालिनासच्या पट्टीवर
मी त्याची गाडी बघितलीच नाही.
परत आल्यावर मीटरची नोंद काढून बघितली.
पाच हजारांना पंधरा,
सातला पंधरा,
साडेआठला पंधरा.
एका सरळ रेषेकडे मी इतका वेळ बघत बसले
की मिग्दालियानं, त्याच्या आईनं, विचारलं,
काही वाईट आहे का?

पोन्सेच्या एका पोरीनं
त्याला अर्ध्या गाडीनं हरवलं होतं.
सोमवारी सकाळी हजर.
"अठराची स्प्रिंग आहे का?"
आहे, म्हटलं. ड्रॉवर उघडला नाही.
पण बरं वाटलं.
विचारायला इंजिन शाबूत होतं.

तो चमकणारा मॅनिफोल्ड
आता मिग्दालियाच्या दारात टांगलाय.
दोन्ही नळ्यांतून ऑर्किड बाहेर आलंय,
आणि वेस्टगेटच्या भोकात एक कोकी राहतो.
रात्रभर ओरडतो.
त्याला काटकोन चालतो.